खिंडीतली मोरपंखी चॉपर

“मी सांगतो त्यावर तुम्ही विश्वास ठेवणार नाही,” बापू मगदूम म्हणाले, “आणि ठेवू पण नका. आजवर कुणी ठेवला नाही, म्हणून तर गोष्ट अजून ताजी आहे.”

चांद्रवस्तीच्या भोजनघरात दोन नवी माणसं त्यांच्यासमोर बसली होती. कालच पृथ्वीवरून उतरलेली, त्यामुळे पेला उचलताना अजून जुन्याच हिशेबानं जोर लावत होती. चहा पेल्याबाहेर उडी मारायचा, हवेत जरा विचार करायचा आणि सावकाश परत पेल्यात बसायचा. एक शार्दूल इनामदार, पुण्याचा, संदेशयंत्रणेचा अभियंता. हुशार, आणि ते लपवायची सवय नसलेला. दुसरी डॉक्टर रुकय्या मुजावर, मिरजेची, हाडांची डॉक्टर. माणूस बोलत असला की ती त्याच्या तोंडाकडे कमी आणि तो बसलाय कसा, उठतोय कसा, याच्याकडे जास्त बघायची. इथं त्याचा उपयोग नव्हता. चंद्रावर सगळेच उड्या मारत चालतात. कोण लंगडा, कोण धडधाकट, कळायला मार्ग नाही.

दाराशी ती गाडी उभी होती. तीन चाकं, रबराऐवजी तारेच्या जाळीची. पुढचं चाक लांबलचक दांडीवर पार पुढं गेलेलं, जणू मालकाच्या आधी पोचायची त्याला घाई. आसन मागच्या दोन चाकांच्या मध्ये, जमिनीला टेकायच्या बेतात. हँडल मात्र डोक्याइतकं उंच आणि त्याच्या दोन्ही टोकांना लाल गोंडे. रंग मोरपंखी.

“ही पॅडलची चॉपर,” शार्दूल म्हणाला. “चंद्रावर.”

“चंद्रावरच,” बापू म्हणाले. “कोल्हापुरात ही नुसती ऐट झाली असती.”

टेबलावर बापूंच्या पुढ्यात त्याच गाडीची घंटी काढून ठेवलेली होती. वस्तीच्या प्रमुख शिंत्रेबाईंनी सकाळीच सगळं स्पष्ट केलं होतं. खिंडीच्या पलीकडे, विवराच्या काठावर, कडाघर होतं. तिथं पाच निरीक्षक राहत. खिंड इतकी अरुंद की वस्तीची मोठी वाहनं तिच्यात शिरत नसत. औषध, सुटे भाग, पत्र्याच्या डब्यातलं लोणचं, सगळं या चॉपरनंच जायचं, आणि तिचे एकमेव स्वार बापू. आता त्यांची नजर अधू झाली होती. मागच्या दोन जहाजांतून आलेल्या सगळ्यांना त्यांनी नापास केलं होतं. आज नवा स्वार ठरला नाही तर चॉपर धातुभट्टीत जाणार होती आणि कडाघराला कुलूप. बापू ज्याच्या हातात घंटी देतील, गाडी त्याची.

बापूंचा जीव त्या गाडीत होता, हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. पण चुकीच्या माणसाला ती देऊन त्याला खिंडीतून उचलून आणावं लागण्यापेक्षा ती वितळलेली बरी, असं त्यांचं मत होतं.

“परीक्षा कधी आहे?” शार्दूलनं विचारलं.

“आधी गोष्ट. चहा प्या.” बापूंनी उजवा पाय टेबलाखाली ताणला. “ही मुळात साधी तीनचाकी सायकल. मोठ्या माणसांची असते ना, मागं टोपली, उंच सीट, ताठ कणा. पहिल्या जहाजातून आली, बोगद्यातनं सामान न्यायला. ती बाहेर काढली आक्कानं.”

आक्का म्हणजे द्वारका खराडे, भूशास्त्रज्ञ, साताऱ्याकडची. वयानं सत्तरीला टेकलेली आणि जिभेनं अजिबात न थकलेली. खिंडीतला दगड बघितल्याशिवाय तिला जेवण जात नसे. ती सायकल घेऊन बाहेर निघाली की वळणावर हमखास उलटायची. असंच एकदा तिच्या शिरस्त्राणाच्या काचेला तडा गेला, आणि त्या वेळचे प्रमुख कारखानीस साहेब म्हणाले, आता पुरे, पुढच्या जहाजानं आक्का पृथ्वीवर.

“आणि पृथ्वीवर ती उभी राहिली नसती,” बापू म्हणाले. “कितीतरी वर्षं इथं काढलेली. हाडं इथल्या वजनाला सरावलेली.”

“विरळ झालेली,” रुकय्या म्हणाली. “तिथं खुर्चीतून उठतानासुद्धा मोडली असती.”

“तेच. साहेबांना पण वाईट वाटत होतं. त्यांनी एक वाट ठेवली. गाडी उलटत नाही हे दाखवा, आक्का राहील. मग आक्का आली माझ्या कार्यशाळेत. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातला माणूस. तरुणपणी मोटरसायकली कापून त्यांच्या अशा बुटक्या, लांब दांडीच्या चॉपर करून द्यायचो. आई म्हणायची, चांगल्या गाडीची वाट लावतोय.”

आक्कानं त्या दिवशी कार्यशाळेत बसून जे समजावलं, ते बापू शब्दाला शब्द सांगत, तिच्याच आवाजात.

“बापू, इथं माझं वजन किती?”

“तिकडच्या वजनाचा सहावा हिस्सा.”

“आणि मी किती?”

“म्हणजे?”

“माझ्यातला ऐवज रे. मांस, हाडं, खडूसपणा. तो कमी झाला का?”

“तो कशानं कमी होतोय, आक्का.”

“त्या ऐवजाला म्हणायचं वस्तुमान. वळणावर मला बाहेर ढकलतं ते त्याच्यापायी, आणि ते साताऱ्यात जेवढं तेवढंच इथं. जमिनीशी धरून ठेवतं ते वजन. ते राहिलं सहावा हिस्सा. ढकलणारा पैलवान तोच, धरणारा मात्र उपाशी. गाडी उलटणार नाही तर काय करील?”

“मग हळू चालवा.”

“चालवली. चालणारी माणसं पुढं निघून गेली.”

बापूंनी सायकलीभोवती एक फेरी मारली आणि हसायला लागले. उलटायची ती उंचीमुळे. बूड खाली न्यायचं, मागची चाकं रुंद करायची, पुढचं चाक लांब टाकायचं. म्हणजे चॉपर. कोल्हापुरात पोरांना मिरवायला जे करून दिलं, ते सगळं कुठल्यातरी दुसऱ्याच ग्रहगोलासाठी होतं आणि इतकी वर्षं आपल्याला पत्ता नव्हता.

“आसन जमिनीला टेकवलं,” बापू सांगत होते. “आता जोरात वळवली तर उलटायच्या आधी ती घसरते. घसरणं म्हणजे काय, उठायचं, धूळ झटकायची, दोन शिव्या द्यायच्या. पुढची दांडी कलती केली, की चाक आपोआप सरळ राहतं, खड्ड्यानं हँडल हिसकत नाही.”

“आणि हँडल एवढं उंच कशाला? ती तर ऐटच ना?” शार्दूल म्हणाला.

“श्वासकोट घातलाय का कधी बाहेर जाऊन? आत हवा भरली की तो फुगतो, हात आपोआप वर येतात. ते खाली दाबून धरायचे म्हणजे कुस्ती. उंच हँडलाला हात नुसते टांगायचे. आक्का म्हणाली, बापू, पहिल्यांदा बाहेर आराम वाटला.” बापूंनी टेबलाखाली ठक् ठक् केलं, गोष्ट रंगात आली की त्यांची ती सवय होती. “आसनाखालची उभी नळी कापली, तिचा हातभर तुकडा उरला. रंगाचा ब्रश हातातच होता, म्हणून गाडीबरोबर तो पण रंगवून टाकला. इथं धातू कुणी फेकत नाही. त्याचं पुढं काय झालं ते सांगतो नंतर.”

“आणि घंटी?” शार्दूलनं घंटीकडं बोट केलं. त्याच्या चेहऱ्यावर आता शिकारी बसला होता. “बाहेर हवा नाही. घंटी वाजवून ऐकणार कोण?”

“स्वार ऐकणार. वाजली की कंप हँडलातनं हातमोज्यात, तिथनं मनगटात, कोपरात, थेट कानाच्या मागं. खिंडीत एकटं असताना लई सोबत होते तिची.”

शार्दूलनं रुकय्याकडं बघितलं.

“अस्थिश्रवण,” ती म्हणाली. “हाडातून ऐकू येतं. खरंय.”

शार्दूल खुर्चीत पुढं सरकला आणि बापू पुढं सांगू लागले.

चाचणीचा दिवस उजाडला, म्हणजे चौदा दिवस चालणारा तो चांद्रदिवस. गाडी बापूंनीच चालवायची ठरली. आक्काला साहेब हात लावू देईनात. खिंडीच्या माथ्यावरून खाली यायचं, वाटेत तीन अवघड वळणं, आणि पायथ्याशी साहेब, वस्तीच्या समितीचे दोन सदस्य आणि सगळ्यांच्या पुढं आक्का. मागच्या टोपलीत आक्कानं जमवलेले दगड, गोण्या भरभरून. ती म्हणाली, येतोच आहेस तर घेऊन ये.

“सुटलो,” बापू म्हणाले. “पहिलं वळण, गाडी जमिनीला चिकटलेली. दुसरं वळण, मागचं चाक घसरलं, पण उलटायचं नाव नाही. जाळीच्या चाकांनी धूळ उडवलेली, ती कमानीसारखी वर जाऊन तशीच खाली, ढग नाही, काही नाही. सूर्य समोर, रंग असा चमकतोय, आणि हँडलाचे गोंडे मागं ताठ फडकतायत...”

“सापडलं,” शार्दूल म्हणाला, आणि टेबलावर हात इतक्या उत्साहानं आपटला की तोच खुर्चीतून वर गेला. “फडकतील कसे? वाराच नाही. गोंडे लोंबत राहणार. बापू, तुम्ही परीक्षा घेताय, होय ना? खोटं पकडायचं आहे.”

बापूंनी त्याला सावकाश खाली येऊ दिलं.

“जा, हात लावून बघ गोंड्याला.”

शार्दूल गेला. गोंडा दाबला, सोडला. तो ताठच उभा राहिला.

“आत तार आहे,” तो म्हणाला.

“आक्काचा हट्ट. म्हणाली, चॉपरचे गोंडे मेल्यासारखे लोंबणार असतील तर मी बसणार नाही. तिनंच मागं वाकवून दिले. बस, चहा निवला तुझा.”

शार्दूल बसला. त्यानं आता ठरवलं की हा म्हातारा जे सांगेल ते खरंच असणार, आणि निवांत ऐकायला लागला. बापूंनी ते बघितलं. मनातल्या मनात एक उसासा सोडला. मागचे सगळे याच ठिकाणी निवांत झाले होते. त्यांनी रुकय्याकडं नजर टाकली. ती पेला दोन्ही हातांत धरून, बोलणाऱ्याच्या तोंडाऐवजी टेबलाच्या कडेकडं बघत होती. ऐकत होती की नाही, कळेना.

“तिसरं वळण पार,” बापू पुढं म्हणाले, आवाज मुद्दाम हलका ठेवून. “समोर सरळ उतार, खाली माणसं. ब्रेक दाबला आणि सावलीतल्या थंडीनं कडक झालेली तार तुटली, काडीसारखी. आक्का नेमकी वाटेत. तिला हाक मारून ऐकू कुठली जाणार, संदेशयंत्र साहेबांकडं. वळवायला जागा नाही, दोन्ही बाजूंना कातळ. पण मी घाबरलो नाही. चंद्रावर घाबरायचं कशाला, सगळं हलकं. मी हलका, गाडी हलकी, दगडांच्या गोण्या तर पिसासारख्या. उजवा पाय काढला, समोरच्या खडकाच्या खाचेत टेकवला, आणि गाडी थांबली, मांजरानं अंग आवरावं तशी. आक्कापासनं हातभर अंतरावर. मी उतरलो, पाय झटकला, चालत जाऊन साहेबांना नमस्कार केला. गाडी उलटली नव्हती. आक्का राहिली. पुढं मी दोन ब्रेक बसवले आणि ती शेवटपर्यंत याच गाडीवरनं खिंडीत फिरली. तिची समाधी पण तिथंच, काठावर. संपली गोष्ट.”

“वा,” शार्दूल म्हणाला, आणि त्यानं ते मनापासून म्हटलं. “एका पायानं थांबवली. पृथ्वीवर जमलं नसतं.”

बापूंचा हात घंटीकडं गेला. ती उचलून खिशात टाकावी, शिंत्रेबाईंना सांगावं, पेटवा भट्टी. त्यांनी एकदा दाराकडं, मोरपंखी रंगाकडं बघितलं.

“इथंही जमलं नसतं,” रुकय्या म्हणाली.

बापूंचा हात तिथंच थांबला.

“काय म्हणालीस, बाई?”

“खोटं आहे, म्हणाले. आक्कांनी काय सांगितलं होतं? वजन घटतं, ऐवज घटत नाही. गोण्या उचलायला पिसासारख्या असतील, थांबवायला नाहीत. थांबवताना तुमच्या पायानं तुम्हाला, गाडीला आणि त्या सगळ्या दगडांना झेललं. मिरजेत उतारावरची दगडांनी भरलेली सायकल पायानं अडवली असती तर जे झालं असतं, तेच झालं.”

“गाडी थांबली नाही म्हणतेस?”

“थांबली असेल. आक्का वाचल्या, तेही खरं असेल. पण तुम्ही पाय झटकून चालत गेला नाहीत. बूट कडक, तो टिकला असेल. आतलं नडगीचं हाड टिकलं नसणार.” तिनं पेला खाली ठेवला, यावेळी अगदी बेतानं, एक थेंबही उडाला नाही. “आणि बापू, मघापासून टेबलाखाली तुम्ही बोटांनी ठक् ठक् करत नाही. तुमचे दोन्ही हात वर आहेत.”

शार्दूल टेबलाखाली वाकला.

बापूंनी उजव्या पायावरची विजार गुडघ्यापर्यंत वर ओढली. बुटातून वर एक नळी गेली होती, हातभर लांब. रंग कडांना थोडा खरवडलेला, पण मोरपंखी.

त्यांनी टेबलावरची घंटी हलकेच पुढं सरकवली. ती रुकय्याच्या पेल्याला लागून थांबली.

“उरलेली नळी,” रुकय्या म्हणाली.