सात नंबरच्या खोलीतली जाळी

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या थोरल्या जावेच्या बाबतीत घडलंय, आणि खोटं बोलायला तिला वेळ नसतो.

ती आर्किटेक्ट आहे. पायरी दिसली की आधी मोजणार, मग चढणार. म्हणून घरात सगळे तिला ‘फूटपट्टी’ म्हणतात.

गेल्या वर्षी तिने निवृत्त ख्रिस्ती धर्मगुरूंसाठी बारा खोल्यांचं निवासस्थान बांधलं. जीव ओतून बांधलं, कारण सात नंबरची खोली तिच्या मामांची होती. आई गेल्यावर याच मामांनी तिला शिकवलं, उभं केलं.

राहायला येणाऱ्या प्रत्येकाचं तिने माप घेतलं. हात कुठवर पोचतो, उठताना कुठे आधार लागतो, सगळं. मामांना दम लागायचा. म्हणून त्यांच्या खुर्चीशेजारी, बसल्यावर नाकाच्या उंचीवर हवा यावी अशी तिने भिंतीत एक छोटी जाळी बसवली. जाळीमागे पाइपांचा अरुंद बोळ. वर मोकळा, खाली बाहेरून लोखंडी दार आणि त्याला कुलूप.

मामा राहायला आले. तिसऱ्या आठवड्यात तिथल्या व्यवस्थापकांचा फोन आला.

“मॅडम, तुमचे मामा भिंतीशी... रोज दुपारी पावणेचारला.”

“एकटा माणूस बोलतो कधी कधी.”

“बोलत नाहीत हो...”

व्यवस्थापकांनी आवाज खाली आणला.

“ऐकतात.”

असंच चाललं तर त्यांना पलीकडच्या इमारतीत हलवावं लागेल, असंही ते म्हणाले. पलीकडच्या इमारतीत दारांच्या कड्या बाहेरून होत्या.

फूटपट्टीच्या मनात पाल चुकचुकली. सात नंबरची खोली सगळ्यांत उजेडाची. तिच्यावर कितीजणांचा डोळा होता, तिला ठाऊक होतं. कुठेतरी पाणी मुरतंय, असं तिला वाटलं.

गुरुवारी ती न कळवता गेली. पावणेचार वाजलेले. दार किलकिलं होतं.

मामा खुर्चीत होते. डोळे मिटलेले. कान जाळीला लावलेला.

“हं... पुढे?”

शांतता.

“किती वर्षं झाली त्याला?”

पुन्हा शांतता. जरा जास्तच लांब...

मग मामांनी हळूच डोळ्यांवर हात ठेवला.

“मामा, कोण आहे तिकडे?”

मामा दचकले नाहीत. “बाळ, तुला माहितीये. मला सांगता येत नाही.”

आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली.

पन्नास वर्षं मामा असेच बसले होते. प्रार्थनागृहात, जाळीच्या अलीकडे. पलीकडे माणसं गुडघे टेकून आपली पापं सांगायची. मामा ऐकायचे, शेवटी क्षमेचे शब्द म्हणायचे. ऐकलेलं मरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, ही त्यांची शपथ. खुर्ची, भिंत, कानाशी जाळी... हवेसाठी म्हणून तिने नेमकी तीच जागा बांधून दिली होती.

आणि कुणीतरी ती ओळखली होती.

तरी तिचा संशय माणसांवरच होता. व्यवस्थापकांचा हात, नाहीतर शेजारच्या खोलीतल्या कुणाची थट्टा. तिने किल्ली मागितली. व्यवस्थापकांना बरोबर घेऊनच ती मागच्या बाजूला गेली.

कुलपावर रंगाऱ्याने मारलेला रंग तसाच होता. दार आणि चौकट त्या रंगाने चिकटून बसली होती. कुणी ते उघडलंच नव्हतं.

दोघांनी जोर लावून उघडलं. तिने टॉर्च मारला.

पाइप. जमिनीवर पिठासारखी सिमेंटची धूळ. पावलाचा ठसा एकही नाही. येतानाचा नाही, जातानाचा नाही.

आणि जाळीच्या बरोबर खाली...

दोन गोल खळगे. शेजारी शेजारी.

गुडघ्यांचे.

“मॅडम, मी काही पाहिलेलं नाही,” व्यवस्थापक म्हणाले आणि चालू पडले.

फूटपट्टी घाबरली. पण मामांची खोली जाणार, ही भीती त्याहून मोठी होती. त्याच संध्याकाळी गवंडी बोलावून तिने जाळी काढली, विटा लावल्या, वर गिलावा केला. मामा पलंगावर बसून बघत होते.

“अर्ध्यावर तोडलंस, बाळ. क्षमेचे शब्द द्यायचे राहिले.”

“मामा, तुमची खोली वाचवली मी.”

“हो. पण आता ते कुठे जाणार?”

मामांना कुणी हलवलं नाही. नवव्या दिवशी ते त्याच खुर्चीत शांतपणे गेले. ‘तोडायला नको होतं,’ असं फूटपट्टी किती रडून म्हणाली, ते मी ऐकलंय.

महिन्याभराने ती ऑफिसात नकाशा काढत होती. टेबलाशेजारी हवेची एक साधी जाळी आहे. वर्षानुवर्षं आहे.

जाळीमागे काहीतरी हललं...

कुणीतरी सावकाश, एकेक करून गुडघे टेकावेत तसं.

मग एक श्वास. मग काहीच नाही.

तिने घड्याळ पाहिलं. पावणेचार.

टेबल हलवून झालं. ऑफिस बदलून झालं. जिथे जाळी असेल तिथे ते येतं. बोलत नाही. वाट बघतं. आपण नुसतं ‘हं’ म्हटलं की ते सुरू होईल, असं तिला वाटतं.

“एक वेळ ऐकून घेईन गं मी,” परवा ती मला म्हणाली. “पण शेवटी जे शब्द द्यायचे असतात, ते मला येत नाहीत.”

आम्ही माझ्या स्वयंपाकघरात बसलो होतो. दुपार होती. बोलता बोलता तिने खुर्ची खिडकीच्या जाळीपासून लांब ओढली.

मी घड्याळाकडे पाहिलं नाही. माझीही खुर्ची ओढून घेतली.