पुढची जागा

ये कौशल्या, बस. लाइट गेली तं जाऊ दे, कंदील आहे. विरजण नेशीन मंग. आधी मले हे सांग, तुह्या गळ्यातला टाक कुठं गेला? काढून ठेवला? तांदळाच्या डब्यात? अवं माय!

रागावून नाई राहिली मी. मले हसू आलं. माह्याही गळ्यात होता तो. चांदीचा, बोटाच्या पेरायेवढा, त्यावर मेलेल्या सवतीचं तोंड कोरलेलं. आपल्यासारख्या दुसरेपणावर दिलेल्या बाईच्या नशिबी तो येतेच. नवं लुगडं आलं का आधी टाकाले लावा, मंग नेसा. घास काढा तो आधी तिच्या नावानं. उमरेडहून माह्या बापानं स्वतःच्या मागावर विणून लुगडं धाडलं, तेही आधी तिनंच नेसलं! मेलेलीचा मान मोठा, अन् जितीनं ताटकळत राहायचं. जळत होती मी. चुलीतल्या लाकडावाणी जळत होती, उघड सांगते.

प्रेमलता तिचं नाव. काविळीनं गेली. मले तिनं काही केलं नव्हतं, पण घरात जिथं हात घालावा तिथं तीच. लोणच्याची बरणी तिची, उखळ तिचं. अन् सगळ्याहून वाईट म्हणजे नावेतली जागा तिची.

हसू नको. आमचे हे अन् ह्यायचे दोस्त देवाजी, भैयाजी, तिघायले एकच येड होतं. लकडगंजात देवाजीची आरा मशीन होती. कोण्या इंग्रजी मासिकातलं चित्र पाहून त्यायनं सागाच्या पट्ट्या वाकवल्या, वरून ताडपत्री ताणली, डांबर फासलं अन् लांब निमुळत्या नावा केल्या. कयाक म्हणत. उमरेडच्या पलीकडं जंगलात धडधड्या नाला आहे. नाला कसला, खडकायच्या पायऱ्यांवरून उड्या मारत जाणारं पाणी. पावसाळा सरत आला का हे लोक त्या धबधब्यायवरून नावेसकट खाली उतरत. सुखाचा जीव दुःखात घालणं म्हणतात न, ते हेच.

देवाजी-भैयाजीच्या नावा एकट्याच्या. आमची जोडीची. मागं हे, पुढं प्रेमलता. मागच्याले पुढचं पाणी दिसत नाई, म्हणून पुढच्यानं हाका द्यायच्या. लाकडाचा ट्रक मागं घेताना क्लीनर ओरडते न, तशाच. उजवी दाब, डावी दाब, अन् वाट साफ असली का 'येऊ दे गा!' नवऱ्याले 'गा' म्हणे ती, दोस्ताले म्हणतात तसं! मी तर जन्मात ह्यायचं नाव घेतलं नाई.

माहं लग्न झालं तरी ती जागा रिकामीच. हे जाताना तिथं एक चपटा दगड ठेवत, तोल राहावा म्हणून. दगड चालते, मी नाई!

एका भादव्यात मी हट्टच धरला. "मी उमरेडच्या तळ्यात पोहत वाढली. दगड काहून नेता? मी बसते."

ह्यायनं तो चपटा दगड उचलला, परत ठेवला. मंग म्हणाले, "पाहू."

सासूबाई, पार्वतीबाई, दारापर्यंत आल्या. "जायचं तं जाय. पण टाक काढू नको वं. तिच्या जागेवर बसून राहिली तू."

मी हाव म्हटलं, आत गेली, टाक काढला अन् तांदळाच्या डब्यात खुपसला. जागा मले पुरी पाहिजे होती. तिले गळ्यात घेऊन नाई.

धडधड्यावर पोचलो तं दुपार होती, पण उजेड मेलेला. ढग सागाच्या शेंड्यायले टेकलेले. कुजलेल्या पानाचा वास, अन् पाण्याचा आवाज असा का शेजारच्याचं बोलणं कानात तोंड घातल्याशिवाय कळू नये. मी नावेत बसली. पाय पुढं केले तं टेकेनात. प्रेमलता उंच होती. पाय रेटाले आडवी पट्टी लागते, ती तिच्या मापानं ठोकलेली. माहे पाय अधांतरी. पट्टी मागं घ्या, असं ह्यायले म्हणाची लाज वाटली मले. मी बुटकी आहे हे मी काहून कबूल करू?

लहान धबधबे निभले. मी हाका देत होती, "येऊ द्या… येऊ द्या…" पण हे मागून खेकसत, "ऐकू नाई येऊन राहिलं! मोठ्यानं!" तिचं ऐकू येत असंन. माह्या डोळ्यात पाणी आलं ते फवाऱ्याचं नव्हतं.

मंग शेवटची उडी आली. देवाजी अन् भैयाजी आधी उतरले, खाली डोहात थांबले. पाणी एकदम गुळगुळीत झालं. पुढं एक काळी धार दिसे, अन् त्याच्या पुढं काहीच नाई. डावीकडं का उजवीकडं, मले कळेना. धारेवर आलो अन् डावीकडं खाली आडवं पडलेलं झाड दिसलं मले, त्याचे तुटके सुळके वर आलेले. ओरडाचं होतं. तोंड उघडेना.

"सांग वं!" हे ओरडले. "पुढचं दिसत नाई… सांग!"

अन् आवाज आला. खणखणीत, बाईचा. माह्या मागून नाई, बाजूनं नाई. मी बसली होती तिथूनच.

"उजवी दाब… येऊ दे गा!"

नाव उजवीकडं वळली. पडताना माहे पाय टेकले कौशल्या. पट्टीवर नाई. गार होतं, ओलं होतं, मऊ होतं. लहानपणी बापाच्या पायावर पाय ठेवून चालतो न आपण… तसे माहे तळवे कोणाच्या तरी पावलायवर होते. अन् ती पावलं पट्टी रेटून राहिली होती.

डोहात आलो. भैयाजी टाळ्या पिटत होता. देवाजीचा चेहरा उतरला होता. हळूच म्हणाला, "वहिनी… आवाज… तुमचा होता?"

मी ह्यायच्याकडं वळून पाहिलं. लग्न झाल्यापासून तसं कधी पाहिलं नव्हतं ह्यायनं माह्याकडं. डोळे भरून. "काय हाक दिली तू वच्छला," म्हणाले. "काय हाक दिली!"

त्या नजरेसाठी मी मरत होती. अन् ती नजर कोणासाठी होती, मले माहीत होतं. काय म्हणणार होती मी?

"हाव," म्हटलं. "मीच."

घरी येऊन डबा उघडला. वरचे तांदूळ कोरडे. आत हात घातला तं टाकाभोवतीचे फुगलेले, चिकट, अन् त्यायले शेवाळाचा वास. मी टाक पुसून गळ्यात घातला. डोळ्यासमोर राहिलेली बरी, म्हटलं.

पण हे ऐकेनात. रोज तेच. "येत्या रविवारी जाऊ. बसशीन न पुढं? तशीच हाक देशीन न?" जेवता जेवता हात थांबे ह्यायचा, कान दाराकडं. माहं बोलणं ऐकूच येत नसे, अन् तो आवाज ऐकाले ह्यायचा जीव तुटे. एक दिवस हे कामावर गेले, मी कुऱ्हाड घेतली अन् ती नाव फोडली. सगळी बंबात घातली. त्याच पाण्यानं ह्यायनं संध्याकाळी आंघोळ केली. डांबराचा वास आला तेव्हा समजले. उरलेलं पाणी अंगावर ओतलं अन् जेवाले बसले. मी ताट वाढलं. संसार झाला, पोरं झाली. जिंकली मी, असं वाटे.

मंग दोन सालाआधी ह्यायले धंतोलीच्या दवाखान्यात ठेवलं. दुपारची वेळ, वार्ड शांत. हे डोळे उघडे ठेवून पडले होते, पण दिसत काही नव्हतं. दोन्ही हात चादरीवर चालून राहिले होते, एकदा डावा, एकदा उजवा. मी ओळखलं.

"पुढचं दिसत नाई…" हे पुटपुटले. "सांग वं…"

मी कानाशी तोंड नेलं. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं ओरडली, "थांबा! अवो, थांबा!" नर्स पळत आली. यावेळी माहा आवाज फुटला होता, कौशल्या. सगळ्या वार्डानं ऐकला. ह्यायनं नाई ऐकला.

पलंगाच्या पायथ्याकडून आलं… "उजवी दाब… येऊ दे गा…"

ह्यायनं उजवा हात दाबला. हसले. संपलं.

गळ्यातलं सगळं उतरवलं, टाकही. कन्हान नदीत अस्थीसोबत मीच सोडला. घेऊन जाय, म्हटलं, नवरा तुहा, जागा तुही, आता तरी माहा पिच्छा सोड.

म्हणून विचारलं तुले. तू टाक घाल का नको घालू, तुहं तू पाह्य. मी काही सांगणार नाई.

फक्त एक काम कर. ही खुर्ची उंच आहे, अन् मी ही अशी बुटकी. हिच्यावर बसली का माहे पाय जमिनीले पोचत नाईत, तुले माहीत आहे. मघापासून मी आरामात बसली आहे, पाय टेकवून.

कंदील जरा खाली धर न… मले पाहावत नाई.