तीन उरलेली गुणसूत्रं

"पाचला मला काढून टाकतील, बाई." प्रयोगशाळेतल्या त्या मुलीचे हात इतके थरथरत होते, की काचपट्ट्यांचा डबा बाईंच्या दिरांनी, भाऊजींनी, हळूच काढून घेतला.

खासगी तपास करणाऱ्या बाईंनी चष्मा पुसला. "आधी नीट सांग."

प्राणिसंग्रहालयातल्या रानघोडीला तीन आठवड्यांपूर्वी शिंगरू झालं होतं. शुद्ध वंशाच्या दाखल्यासाठी त्याचं रक्त मुलीकडे आलं. रानघोड्याच्या पेशीत सहासष्ट गुणसूत्रं असतात, पाळीव घोड्याच्या चौसष्ट. तिला पासष्ट मिळाली.

"संग्रहालयाचे साहेब म्हणतात, मी चुकून तिथल्याच गाडीच्या पाळीव घोड्याचं रक्त त्यात मिसळलं."

"पेशी किती मोजल्यास?"

"तीस. सगळ्यांत पासष्टच. जोड्या लावल्या की तीन उरतात, एक लांब आणि दोन आखूड."

"पासष्ट म्हणजे सरासरी!" भाऊजी उत्साहानं म्हणाले. "मिसळलंच असणार, वहिनी."

मुलीचा चेहरा पडला.

"भाऊजी, तुम्ही डबा सांभाळा."

साहेबांनी त्यांना उभ्यानंच कटवलं. "विषम आकडा असतो का कुठे? निष्काळजीपणा, दुसरं काय!"

कुंपणाशी राखणदार शिंगराला खाजवत होता. "कुंपण? भक्कम आहे. वादळात पडलं, तेव्हा मीच नवं बांधलं. वर्ष झालं आता."

"आणि गाडीचा घोडा?"

"तो पलीकडे. गरीब जनावर आहे हो," तो घाईनं म्हणाला.

पावणेपाचला सगळे साहेबांच्या खोलीत जमले. मुलीची नजर घड्याळावरून हलेना.

"रक्त मिसळलं असतं, तर काही पेशींत सहासष्ट दिसली असती, काहींत चौसष्ट," बाई म्हणाल्या. "पेशी म्हणजे कालवलेले रंग नव्हेत, भाऊजी. तीसही पेशींत पासष्ट, म्हणजे शिंगरूच तसं आहे. आईकडून तेहेतीस, बापाकडून बत्तीस."

"पण विषम?" साहेब.

"हे दोन्ही घोडे मुळात एकाच कुळातले. एकाकडे जी दोन आखूड सुटी आहेत, तीच दुसऱ्याकडे जोडलेली, एक लांब. ऐवज तोच, आकडा वेगळा. ती उरलेली तीन एकमेकांचीच जोडीदार आहेत. घोडीचे गाभणपणाचे अकरा महिने, शिंगराचे तीन आठवडे, म्हणजे जवळजवळ वर्ष. कुंपण कधी पडलं होतं, दादा?"

राखणदार पुढे आला. "दुपारभरच मोकळं होतं. सांगितलं असतं, तर माझा तो गाडीचा घोडा विकला असता."

साहेबांनी बडतर्फीचा कागद फाडला आणि अहवाल मुलीपुढे सरकवला. तिनं पेन उचललं, पण टेकवेना. आता तिच्या सहीनं शिंगराचा शुद्ध वंशाचा दाखला हुकणार होता.

"दाखला नाही, म्हणजे आता ते पैदाशीसाठी परगावी धाडायचं नाही ना?" राखणदारानं भीतभीत विचारलं.

"कोण घेणार त्याला?" साहेब पुटपुटले. "राहू दे इथेच, बापाजवळ."

मुलीनं सही केली. या वेळी हात थरथरला नाही.