कंदाचं पाणी

घायाळ इलंड हरणाला गाठायचंच, असं ठरवून आम्ही तिघं कलाहारीच्या वाळूत शिरलो होतो. बाण माझ्या बहिणीचा, चूकोताईचा. आमच्यात ज्याचा बाण त्याचं मांस, म्हणून मांसही तिचं. ती वाटप कधी करते याकडे डोळे लावून अख्खी टोळी उपाशी बसली होती. बाण मारला मी. माग काढत होते कुमसाकाका, आणि ताईचा नवरा काशे नुसता तोंड चालवत होता.

"दाबे, तुझा नेम असा, की हरीण म्हातारं होऊन मरेल!"

"दाजी, तुम्ही गप्प बसलात तर आजच मरेल!"

मग शहामृगाच्या अंड्यांच्या कवचांत भरून आणलेलं पाणी संपलं. वाटेतली रानकलिंगडं साळिंदरांनी पोखरून टाकलेली. ऊन असं, की वाळूवर पाय ठरेना. कुमसाकाका झुडपाखाली बसले ते उठेचनात. ओठ फुटून रक्त आलं होतं, जीभ सुजली होती. बाप गेल्यावर मला माग ओळखायला त्यांनीच शिकवलं. ते डोळ्यांदेखत चालले होते आणि मला काही करता येत नव्हतं.

तेवढ्यात काट्यांत गुंतलेला एक वाळका वेल दिसला. दोऱ्याएवढा! आम्ही तुटून पडलो. खोदकाठी मोडली. हातांनी उकरलं. खांद्यापर्यंत हात आत गेला, तेव्हा कंद लागला! नखाने ओरखडून मी जिभेला लावला. कडू नव्हता. पिण्याजोगा होता!

काशेने सुरीने भराभर कीस काढला, मुठीत धरला आणि अंगठा काकांच्या तोंडावर आणला. थेंब अंगठ्यावर ओघळला... आणि काशे किंचाळला. सगळा कीस त्याने वाळूत फेकला!

"वेड लागलं का?" मी अंगावर धावून गेलो.

"सुरी!" तो म्हणाला. "बाणावरचं जुनं विष सकाळी हिनेच खरवडलं रे मी. काकांचे ओठ बघ!"

अळ्या चिरडून बाणाला लावलेलं ते विष रक्ताला लागलं की इलंड मरतो, तिथे माणसाची काय कथा! काशे तिथेच बसून पोरासारखा रडला. मलाही वाटलं, संपलं सगळं.

कंदाची सुरी लागलेली बाजू मी लाकडाच्या ढलपीने खोलवर छिलून टाकली. मुठीएवढा गाभा उरला. त्यातला थोडा दुसऱ्या ढलपीने किसून माझ्या हाताने पिळला. थेंब पडत राहिले. बऱ्याच वेळाने काकांचा गळा हलला.

दूर गिधाडं उतरू लागली. इलंड पडला होता!

"तुम्ही जा," काका पुटपुटले. "मला राहू द्या."

कंदात उरलेलं पाणी एकाच वाटेला पुरणारं होतं, इलंडच्या नाहीतर टोळीच्या. मी काशेकडे पाहिलं.

"माझी पोरंही उपाशीच आहेत रे," तो म्हणाला, आणि त्याने काकांना पाठीवर घेऊन टोळीची वाट धरली.

ताई धावत सामोरी आली. आमचे रिकामे हात तिने पाहिले. काकांना उतरवून घेतलं, त्यांचं तोंड पुसलं.

"तिघं गेलात, तिघं आलात," ती म्हणाली, आणि मटकन खाली बसून हमसून हमसून रडायला लागली.