टाका भरमाच्या नावावर

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही.

हे घडलं माझ्या मावसबहिणीच्या, रचनाच्या बाबतीत. गेल्या वर्षी, नोव्हेंबरातल्या दुसऱ्या सोमवारी. आणि तेही भर दुपारी तीन वाजता. भुतांना काय रात्रपाळीच असते?

रचना बेळगावकडच्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते. विद्यापीठाचं नाव सांगणार नाही. तिला अजून तिथंच नोकरी करायची आहे.

त्या ग्रंथालयाला एक जुनी खोड होती. वर्षाच्या मोजणीत एखादं पुस्तक सापडलं नाही, की कुणीतरी म्हणायचं, "टाका भरमाच्या नावावर."

भरमा म्हणजे तिथला शिपाई. पुस्तकं जागेवर लावायचा. लावण्याआधी प्रत्येक पुस्तक तळहातावर दोनदा आपटून धूळ झाडायचा. ठप... ठप.

त्याला वाचता येत नव्हतं. आकडे तेवढे ओळखायचा. अशा माणसाच्या नावावर तेवीस पुस्तकं! पण मोजणी जुळायची, म्हणून कुणाला लाज वाटत नव्हती.

त्यातलं एक रचनाचं होतं. आठ वर्षांपूर्वी तिनं ते घरी नेलं, हरवलं आणि मुकाट्यानं भरमाच्या नावावर टाकलं.

मागच्या पावसाळ्यात भरमा नोकरीत असतानाच वारला. त्याच्या जागी मुलीला घ्यायचं ठरलं. पण त्यासाठी दाखला हवा होता, भरमाकडं एकही पुस्तक राहिलेलं नाही असा. तो कसा मिळणार?

ग्रंथपाल साहेब चारचौघांत म्हणाले, "चोर निघाला की हो!"

रचना खाली मान घालून उभी राहिली.

भरमाची बायको मालुबाई जांबोटीहून चार वेळा आली. चारही वेळा रिकाम्या हातानं परत गेली.

मग नवी सिस्टीम आली. क्लाउडवरची. जुन्या सगळ्या नोंदी तिच्यात चढवल्या. कम्प्युटर बघणारा नागेंद्र हसत म्हणाला, "मॅडम, आता सगळं ढगात. भरमाण्णा बी वर, त्येची पुस्तकं बी वर."

त्या सोमवारी सिस्टीम सुरू झाली. ज्यांच्याकडं पुस्तकं राहिली होती, त्या सगळ्यांच्या मोबाईलवर आपोआप निरोप गेला. पुस्तक परत करा.

भरमालाही गेला. त्याचं खातं कुणी बंदच केलं नव्हतं.

नागेंद्र स्क्रीनकडं बघतच राहिला.

"मॅडम... पोचलाय. आन् वाचलाय बी."

"मालुबाईनं बघितला असंल."

रचनानं भरमाच्या मुलीला फोन लावला. तिनं तो आईकडं दिला.

"त्येंचा फोन?" मालुबाई म्हणाली. "त्यो तर बंद करून ट्रंकेत ठेवलाय गं आक्का. आतलं कार्ड बी काढलंय."

तेवढ्यात व्हरांड्यातून आवाज आला.

ठप... ठप.

आणि पुस्तकं परत टाकायच्या पेटीत काहीतरी पडलं. रचना धावत बाहेर गेली. व्हरांड्यात चिटपाखरूही नव्हतं. पेटीत अकरा वर्षांपूर्वी हरवलेलं एक पुस्तक होतं. भरमाच्या नावावरचं.

मंगळवारी तीनला दुसरं आलं. बुधवारी दोन आली.

नागेंद्रनं पेटीवर कॅमेरा लावला. त्यात पेटीचं झाकण उघडताना दिसायचं... मिटताना दिसायचं. बाकी काही नाही. त्यानंतर त्यानं हसणं सोडलं.

दोन आठवड्यांत बावीस पुस्तकं आली. राहिलं एक.

रचनाचं.

नव्या सिस्टीमवर पुस्तकाचं नाव टाकलं की ते कुठं आहे ते दिसतं. ती दिवसातून दहादा बघायची. ठिकाण म्हणून नेहमी भरमाचंच नाव यायचं.

शुक्रवारी दुपारी अडीचला तिनं पुन्हा बघितलं.

ठिकाण... वडगाव.

वडगावात रचनाचं घर आहे.

ती स्कूटर काढून तशीच सुटली. गल्लीत शिरताच तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. घरातला हातमाग वाजत नव्हता.

"आई, माग का बंद गं?"

"हलाय लागलाय. पायाखालचं पुस्तक न्हेलं न्हवं तुझ्या माणसानं."

"कुठला माणूस?"

"खाकी शर्टातला. आक्कांनी आणाय सांगितलंय म्हणाला. मागाचा एक पाय आखूड म्हणून मीच सारलतं बघ, लई वर्सं झाली. मला सुदीक याद न्हवती. पर त्यो सरळ आत आला, वाकला आन् काढलं. लई नीट मानूस. हातावर दोनदा आपटून धूळ झाडली..."

तेवढ्यात नागेंद्रचा फोन आला.

"मॅडम, शेवटचं आलं."

पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर मागाच्या पायाचा चौकोनी खड्डा होता.

मालुबाईला दाखला मिळाला. मुलगी कामाला लागली. पण साहेबांचं तोंड कोण धरणार? "चोरीचा माल शेवटी घरच्यांनीच गुपचूप आणून टाकला," असं ते त्या मुलीसमोर म्हणाले. रचना तेव्हाही गप्प राहिली. मला तिचा राग येतो, आणि कीवही येते.

आता रोज दुपारी तीनला रचनाच्या मोबाईलवर निरोप येतो. पुस्तक परत करा.

तिच्या खात्यावर काहीच नाही. नागेंद्रनं तीनदा तपासलं. तरी निरोपात, पुस्तकाच्या नावाच्या जागी लिहिलेलं असतं...

भरमा रवळू नाईक.

खरं काय ते तिनं कागदावर लिहून ठेवलंय, साहेबांना द्यायला. तो कागद तीन महिने तिच्या पर्समध्येच आहे.

परवा ती आमच्याकडं निपाणीला जेवायला आली होती.

"देऊन टाक की गं," मी म्हटलं.

"व्हय. सोमवारी देते."

असे किती सोमवार गेले! घड्याळात तीन वाजले. आम्ही दोघी तिच्या फोनकडं बघत बसलो. तीन वाजून एक मिनिट झालं... दोन झाली... फोन वाजला नाही. रचनानं सुटकेचा श्वास सोडला.

मग दाराबाहेर आवाज आला.

ठप... ठप.

आमच्यापैकी कुणीही दार उघडायला उठलं नाही.