तांदळातलं नाव

"जरा जल्दी हॉस्पिटल दीजिए ना मॅडम... लेकरू तापानं फणफणून राहिलं वो तिकडं!"

अर्धं हिंदी, अर्धं मराठी. मी तेव्हा भिलाईच्या कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होते. फोन रेल मिलमधून, जिथं रूळ बनतात तिथून, आला होता. मागं लोखंडाचा एवढा खणखणाट, की बोलणाऱ्याला ओरडावंच लागत होतं.

"देते," मी मराठीतच म्हटलं. "लेकराचं नाव सांगा."

मग तोच आवाज खाली आला, मऊ झाला. "अन्नपूर्णा... तुम्ही मराठी हाय?"

"आधी लेकराचं बघा," मी म्हटलं आणि वॉर्ड जोडून दिला.

लाइन जोडली की ऑपरेटरनं बाजूला व्हायचं असतं. मी झाले नाही. ताप उतरला, तीन वर्षांची ती पोरगी दूध प्याली, असं नर्सनं सांगितलं तेव्हा त्या माणसानं सोडलेला श्वास मी ऐकला... आणि कुणीतरी माझ्यासाठीही असा श्वास सोडावा, असं वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा रेल मिल.

"कोणता नंबर?"

"नंबर नाही पाहिजे. कालच्या मॅडम पाहिजे."

"कशाला?"

"त्यायचं नाव विचाराचं होतं. पोरगी विचारून राहिली, माह्यासाठी फोन कोणी लावला म्हणून."

"तीन वर्षांची पोरगी असं विचारते?"

"बरं... पोरीचा बाप विचारून राहिला."

मी हसू दाबलं. हेडफोनवर हसू दाबलेलंही ऐकू जातं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. "वसुंधरा," मी सांगितलं.

"वसुंधरा..." तो हळूच म्हणाला. मिलच्या खणखणाटात माझं नाव असं आलं, जसं कुणी ओंजळीत पाणी घेऊन, सांडू न देता चालत यावं.

त्याचं नाव शामसुंदर. घरी आई आणि अन्नू. बायको तापानं गेलेली. हे सगळं त्यानं सिव्हिक सेंटरच्या बाजारातल्या बाकावर पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. "आधीच सांगतो," तो म्हणाला, "म्हणजे मधातच तुम्ही लाइन कट नाही करणार."

"आणि केली तर?"

"तर मी पुन्हा नंबर मागीन."

माझे वडील कृष्णराव दुर्गला रेल्वेत गार्ड होते. 'बिजवराला पोरगी देत नाही,' म्हणून ते बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. शेवटी अन्नूला घेऊन शामसुंदर घरी आले, ती सरळ जाऊन वडिलांच्या मांडीवर झोपली, आणि त्या झोपेनं आमचं लग्न जमवलं.

लग्न दुर्गलाच झालं. तांदळाचं ताट समोर आलं. नवऱ्यानं अंगठीनं तांदळात नव्या नवरीचं नाव लिहायचं. मी म्हटलं होतं, वसुंधराच राहू द्या. शामसुंदर हो म्हणाले होते. पण सासूबाई, अंजनाबाई, त्यांच्या कानाशी वाकल्या. शामसुंदरांचा हात थांबला... मग हलला.

तांदळात अक्षरं उमटली — शीला.

"हे तर..." माझ्या तोंडून निघालं.

"पहिलीचंच नाव," सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या. डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. "दुसरीले तेच नाव ठेवलं की पहिली राग नाई धरत. तुह्याच भल्यासाठी हाय, बाई."

मी शामसुंदरांकडे पाहिलं. ते तांदळाकडे बघत होते. एका नावानं काय होतंय, असं मी स्वतःला सांगितलं. मला अन्नू हवी होती, आणि तिचा बाप त्याहून जास्त हवा होता.

सेक्टर दोनमधल्या क्वार्टरमध्ये आले, त्या पहिल्याच पहाटे दिवे गेले. मी अंधारात स्वयंपाकघरात शिरले आणि न चाचपडता माझा हात वरच्या फळीवर, डब्यामागं गेला. काडीपेटी तिथंच होती. मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग कपाटातली पोलकी. सासूबाईंनी तिची पोलकी काढून दिली, ती एक टाकासुद्धा न उसवता मला बसली. मग कारलं. माहेरी मी कारल्याच्या भाजीला शिवत नसे. इथं एक दिवस ताटात भाजी संपली तेव्हा लक्षात आलं, की तिसऱ्यांदा घेतली ती मीच.

"शीलाले लई आवडे," सासूबाई म्हणाल्या आणि समाधानानं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

जवळच्या कुरुद गावाहून एक म्हातारी दूध घेऊन यायची. मला बघून तिच्या हातातलं माप हललं. "लहुट आयेस, दीदी?" — परत आलीस, बाई? मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण तिनं नेहमीचं असल्यासारखं दूध घातलं आणि गेली.

सगळ्यांत वाईट वेळ दिवेलागणीची. कारखान्याकडं भट्टीतला तापलेला मळ ओतला, की इकडं आभाळ लाल व्हायचं. तो उजेड मागच्या दारातून आत येई, भिंती तांबूस होत, आणि माझी सावली चुलीमागच्या भिंतीवर पडे. माझी वेणी आखूड, जेमतेम खांद्याखाली. सावलीची वेणी कमरेच्या खाली गेलेली असायची. मी वळून बघे. मागं कुणी नसे. फक्त बांगड्या... अगदी बारीक किणकिण, कुणी हात जवळ ओढून घ्यावा तशी.

ती मला काही करत नव्हती. नुसती उभी असायची. बोलवायची वाट बघत असलेल्या पाहुण्यासारखी.

आणि शामसुंदर? फोनवर दिवसातून दहादा माझं नाव घेणारे शामसुंदर घरात मला 'अवं' म्हणत. प्रेम कमी नव्हतं. मोगऱ्याचा गजरा रुमालात लपवून आणत, अन्नूच्या हातून माझ्याकडं पाठवत. पण नाव? शीला म्हणायला त्यांची जीभ वळत नसे, आणि वसुंधरा म्हणायची आईपुढं हिंमत नव्हती. मी रजेवर होते. रजा संपत आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "नोकरी सोडून दे ना आता. शीला कुठं करत होती नोकरी?"

त्याच आठवड्यात एका दुपारी अन्नूला मी घास भरवत होते. ती नुकतीच घरातल्यांची नावं शिकत होती.

"माहं नाव अन्नपूर्णा," ती म्हणाली. "बाबाचं शामसुंदर. आजीचं अंजना. आई, तुहं नाव काय?"

"शीला," मी म्हटलं.

हातातला घास तसाच राहिला. मी पुन्हा बोलायला गेले — नाही गं, माझं नाव... माझं नाव... आणि ते आलंच नाही. बापाचं नाव आठवत होतं, दुर्गच्या घराचा नंबर आठवत होता. त्या दोन्हींच्या मध्ये माझं नाव असायला हवं होतं, तिथं नुसता लाल उजेड होता.

ते आठवलं थोड्या वेळानं, भांडी घासताना. राखेनं भरलेल्या हातांनीच मी रडले.

संध्याकाळी शामसुंदर मला आणि अन्नूला मैत्री बागेत घेऊन गेले. अन्नू हरणांपाशी रमली. मी विचारलं, तेही आता त्या घरच्याच बोलीत, "तुम्ही संसार कोनासोबत करून राहिले? माह्यासोबत, की तिच्यासोबत?"

"असं कावून बोलून राहिली?"

"आज मले माहं नाव आठवलं नाही."

ते हसायला गेले, मग माझा चेहरा बघून थांबले. "मायले लई भेव वाटते," ते म्हणाले. "तिनं पहिलीले डोळ्यादेखत जाताना पाहिलं..."

"अन् मी जाऊन राहिली, ते नाही दिसत तुम्हाले?"

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. मी काढून घेतला. लग्नानंतर पहिल्यांदा.

नंतरच्या रविवारी तुमसरहून पहिलीची आई आली, नातीला भेटायला. वाळलेली, लहानशी बाई. मी चहा घेऊन बाहेर आले. माझ्या अंगावर तिच्या लेकीचंच पोलकं होतं. म्हातारी उठून उभी राहिली आणि तिच्या तोंडून निघालं, "रुक्मे..."

"रुक्मा कोण, आजी?"

ती डोळे पुसत खाली बसली. "माही पोरगी वं. शीला तं इकडच्यायनं ठेवलं. रुक्मा खेड्यातलं नाव, भिलाईत चांगलं नाई दिसत म्हने." मग आवाज आणखी खाली आला. "शेवटच्या दिवशी साऱ्या बाया हाका मारत होत्या, शीला, शीला. पोरगी ढिम्म. मी कानाशी जाऊन रुक्मे म्हटलं, तवा डोये उघडले तिनं. ओ दिली. अन् गेली."

सासूबाई दारात बसल्या होत्या. त्यांनी मान फिरवली.

म्हातारी दुपारच्या गाडीनं परत गेली. दिवेलागणीला आभाळ तांबडं झालं तेव्हा मी मुद्दाम स्वयंपाकघरात गेले. दिवा लावला नाही. भिंतीवर सावली आली, लांब वेणीची. बांगड्या किणकिणल्या. इतके दिवस मी तिला भीत होते, आणि भीत होते तेही दुसऱ्यांनी दिलेल्या नावानं.

"रुक्मा," मी म्हटलं.

किणकिण थांबली.

"रुक्मा, बाई... तू आहेस ना?"

माझ्या अगदी खांद्याशी, कुणी झोपेतून जागं होऊन द्यावी तशी, हलकेच ओ आली.

"ओ."

उजेड ओसरला. भिंतीवर माझी सावली राहिली — आखूड वेणीची, माझी. मागं काहीतरी धपकन वाजलं. सासूबाई उंबऱ्यातच खाली बसल्या होत्या.

"तिनं ओ दिली," त्या पुटपुटल्या. "जातानी शीला म्हनून मी किती बोलावलं तिले. कधी ओ नाई दिली..."

मी त्यांना पाणी दिलं. त्या न पिताच बोलू लागल्या.

"मले वाटे, नाव बदललं की बाई मुकाट्यानं नांदते. माहं नाई का बदललं? मी नांदलीच ना."

"अंजना तुमचं माहेरचं नाव नाही, आत्याबाई?" मी सासूबाईंना विचारलं.

"नाई वं. सासरचं. लहान होती मी, परकर नेसत होती."

"मग माहेरचं काय?"

त्यांनी तोंड उघडलं... आणि तसंच राहिलं. कपाळाला आठ्या पडल्या. "थांब हं," त्या म्हणाल्या. बोटं साडीच्या काठावर फिरू लागली. "थांब ना... माय हाक मारे मले, विहिरीवरून..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लहान मूल जत्रेत हात सुटल्यावर बघतं तसं. "मले आठवूनच नाई राहिलं वं."

मी त्यांना जवळ घेतलं.

शामसुंदर शिफ्टवरून आले तेव्हा सासूबाई फाटकात जाऊन त्यांच्याशी बराच वेळ बोलत होत्या. मग त्या आत गेल्या. शामसुंदरांनी चपला काढल्या, काळोख्या स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले. "रुक्मा," ते म्हणाले. एकदाच. कुणी ओ दिली नाही. बाहेर आले तेव्हा डोळे ओले होते.

आम्ही व्हरांड्याच्या पायरीवर बसलो. अन्नू माझ्या मांडीवर झोपली होती.

"तिले मी कधी नावानं हाकच मारली नाई," ते म्हणाले. "ना हे, ना ते. 'अवं' करून दिवस काढले. अन् तुह्यासोबतही तेच करून राहिलो."

"उद्या सोमवार. मी ड्यूटीवर जाणार हाय."

"जा."

"अन् आत्याबाई?"

"मायनंच सांगितलं मले. म्हने, तिले जाऊ दे कामावर, तिच्या नावानं जाऊ दे. नाई तर तीही माह्यासारखी विसरन." त्यांनी अन्नूच्या कपाळावरचे केस मागं सारले. "अजून एक सांगाचं होतं."

"सांगा ना."

"मिलमध्ये सोपं जात होतं. गोंगाट राहे. इथं क्वार्टरांची सारी लाइन ऐकते."

"ऐकू द्या."

त्यांनी शेजारच्या उघड्या खिडकीकडं पाहिलं. घसा खाकरला. आणि मग मिलमध्ये ओरडतात तसंच, पूर्ण मोठ्यानं म्हणाले, "वसुंधरा! माहं तुह्यावर लई प्रेम हाय!"

खिडकीत भांडं वाजलं. कुणीतरी 'अगं बाई' म्हणालं. माझे कान तापले, पण मी मान खाली घातली नाही. "बरं, शामसुंदर," मीही तेवढ्याच मोठ्यानं म्हटलं. नवऱ्याचं नाव! खिडकी धाडकन बंद झाली, आणि आम्ही अन्नू उठू नये म्हणून तोंडावर हात दाबून हसलो. खूप दिवसांनी.

मग आतला आवाज ऐकू आला. सासूबाई अंधारात एकट्या बसून एकेक नाव म्हणून बघत होत्या.

"गोदा..." थांबणं. "नाई. सगुणा... नाई. चंद्रभागा... नाई."

आमचं हसू विरलं. कारखान्याकडं पुन्हा आभाळ लाल झालं. अंगणातली तुळस, फाटक, शामसुंदरांचा चेहरा — सगळं तांबूस, अनोळखी दिसू लागलं.

"बनू..." आत सासूबाई म्हणाल्या.

यावेळी 'नाई' आलं नाही.

"बनू," त्या पुन्हा म्हणाल्या. आवाज फुटला होता.

आणि आतून, विहिरीच्या काठावरून यावी तशी, एका लहान मुलीची ओ आली. लांबलचक, आनंदानं ओरडलेली.

मी खाली पाहिलं. अन्नू माझ्या मांडीवर गाढ झोपली होती.

शामसुंदरांनी माझा हात घट्ट धरला. मी सोडवून घेतला नाही.

"वसुंधरा?" ते कुजबुजले.

"ओ," मी म्हटलं.