काम चालू हाय की

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक आहे. तीस वर्षं लोकांच्या बांधांची भांडणं टेप लावून सोडवली. त्यामुळे पुढे जे सांगतोय त्यातली मापं तरी बरोबर आहेत, एवढं खात्रीनं सांगतो.

शिरोळचं आमचं घर दोनदा पुरात गेलं. दुसऱ्या खेपेला चिखल उपसताना माझी बायको अंजना कंबर धरून उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, आता उंचावर जाऊ या." म्हणून कोल्हापुरात पाचगावच्या माळावर प्लॉट घेतला. एकुलती मुलगी आदिती लग्न होऊन बेंगळुरूला गेलेली. घर दोघांपुरतंच: पुढं बैठकीचा सोपा, स्वयंपाकघर, एक खोली, बाथरूम.

कंत्राटदार विजयसिंह. स्लॅब पडेपर्यंत रोज बुलेटवरून यायचा, नंतर दिसेनासा झाला. फोन मात्र उचलायचा.

"सायेब, काम चालू हाय की! बिनघोर राहा."

रविवारी आम्ही भाड्याच्या घरून जाऊन बघायचो. काम बंद. वाळूच्या ढिगावर कुत्री, प्लास्टिकखाली सिमेंटची पोती, पाइपांचे तुकडे आणि भिंतींतून भणाणणारा वारा. असे सात रविवार गेले.

आठव्या रविवारी स्वयंपाकघराला गिलावा झालेला होता.

मी ओळंबा लावून बघितला. सुतासारखा सरळ. कोपऱ्यांना काटकोनाचा गुण्या लावला, एक सूतही फरक नाही. विजयसिंहाच्या माणसांकडून असं काम होईल असं मला वाटलं नव्हतं. त्याला फोन करून शाबासकी दिली.

"म्हटलं न्हाय का, माणसं लावलीत म्हणून?" तो खुशीत म्हणाला.

पुढच्या रविवारी दारात तीन पायऱ्या असायला हव्या होत्या. नकाशात तशाच होत्या. तिथं भिंतीला धरून एक लांबलचक उतार केलेला होता. मी टेप काढला. दीड फूट चढायला अठरा फूट लांबी. बारा फुटांना एक फूट, दवाखान्यात असतो तेवढा.

मी फोनवर आवाज चढवला. "पायऱ्या कुठं आहेत?"

"मिस्त्री चुकला आसंल, सायेब. फोडून नीट करून देतो."

कुणी फोडायला आलं नाही. उलट महिन्याभरात चुका वाढल्या. बाथरूमचं दार अडीचऐवजी तीन फुटांचं निघालं. आत डाव्या हाताला भिंतीत लोखंडी पाइप आडवा पक्का बसवलेला होता. विजेच्या बटणांच्या खोक्यांसाठी जागा कमरेच्याही खाली कोरलेल्या होत्या. दारांना उंबरे नव्हतेच. आमच्यासारख्या जैनाच्या घराला उंबरा नाही, हे माझ्या आईनं बघितलं असतं तर ती आतच आली नसती.

समोर बनाबाईंचा म्हशींचा गोठा होता. मी त्यांना विचारलं, "मावशी, मिस्त्री कधी येतात हो?"

त्या शेणाचे हात झटकत जवळ आल्या. "पावणं, तेच म्या तुमास्नी इचारणार हुते. दुपारी जेवणवेळंला थापीचा आवाज येतोय रोज. पर माणूस आत जाताना न्हाय दिसत. बाहीर येताना बी न्हाय."

"मागच्या बाजूनं येत असतील."

"मागं खाण हाय की." त्यांनी हातानंच खड्डा दाखवला. मग म्हणाल्या, "पर वाईट न्हाय वाटत बगा. म्हशी बिथरत न्हाईत."

बुधवारी रजा टाकून मी एकटाच गेलो. सोप्यात पालथ्या पाटीवर बसलो. ऊन कडक होतं. एक वाजला. दूर कुठल्यातरी कारखान्याचा भोंगा झाला.

आतल्या खोलीत थापी वाजू लागली.

सवयीच्या हाताची चाल होती. तीन ठोके, मग सपाट फिरवल्याचा खरखर आवाज. पुन्हा तीन. मी उठून दारापर्यंत गेलो. आवाज थांबला.

खोलीत कुणी नव्हतं. खिडकीला गज होते. भिंतीचा हातभर तुकडा ओला होता आणि त्यावरून पाणी ओघळत होतं. थापी खाली पडलेली, मूठ कोमट. जमिनीवर सिमेंटची धूळ पसरली होती. तिच्यात फक्त माझ्या चपलांचे ठसे होते.

मी तसाच शाहूपुरीत विजयसिंहाच्या ऑफिसात गेलो. मला बघून तो उभा राहिला. मी सगळं सांगितलं तसा त्याचा चेहरा उतरत गेला.

"सायेब, आता खोटं बोलत न्हाय. स्लॅबनंतर माझा एक बी माणूस तुमच्या साइटवर गेलेला न्हाय."

"मग मी फोन केले तेव्हा?"

"तुमी काम झालं म्हणत हुता, म्या व्हय म्हणत हुतो." त्यानं मान खाली घातली. "एकदा बघाय गेलतो. दारातनंच परत आलो."

"काय बघितलंस?"

"काय न्हाय. आत गुणगुणत हुतं कोणतरी."

रात्रभर विचार करून मी अंजनाला म्हणालो, ते घर विकून टाकू. तिनं शांतपणे विचारलं, "त्यानं काय वाईट केलंय आपलं? विजयसिंहानं फसवलं. हा जो कोण आहे, तो नीट करतोय." आणि पुढच्या रविवारी तिनं सोप्यात तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा ठेवला. आल्यागेल्याला आपण देतो तसा.

आठवड्यानं तांब्या रिकामा होता, धुऊन पालथा घातलेला. गूळ तसाच होता. त्याला मुंगीसुद्धा लागली नव्हती.

वायरमन आणि प्लंबर मी स्वतः आणले. बटणं कुठं बसवायची यावर वायरमन हसला, पण भिंत फोडायला अंजनानं नको म्हटलं. श्रावणात आम्ही राहायला गेलो. थापी बंद झाली होती.

चार महिन्यांनी, सूर्यास्ताआधी जेवून उठताना, अंजनाच्या हातातून ताट पडलं. तिला वाटी म्हणायचं होतं आणि शब्द येत नव्हता. दवाखान्यात बावीस दिवस काढले. जीव वाचला, वाचाही हळूहळू परत आली. उजवी बाजू मात्र गेली.

तिला चाकाच्या खुर्चीतून घरी आणलं. ॲम्ब्युलन्सवाल्यानं खुर्ची उतारावरून एका हातानं वर नेली.

"आधीच करून घेतलंय व्हय सगळं? लई बेस केलंसा."

मी पुढं होऊन दार उघडलं.

खुर्ची कुठं अडली नाही. बाथरूमच्या दारातून सहज गेली. तिनं डाव्या हातानं तो पाइप धरला आणि स्वतःच्या बळावर उठून उभी राहिली. बाहेर येऊन बसल्या जागेवरून दिवा लावला. मग माझ्याकडे बघून रडायला लागली, आणि रडता रडता हसायला. मी भिंतीवर कपाळ टेकलं. आजवर देवासमोरही इतक्या मनापासून वाकलो नव्हतो.

विजयसिंहाला कुणी शिव्या घातल्या की मी गप्प बसतो. तो वेळेवर आला असता तर तीन पायऱ्या झाल्या असत्या.

हे सगळं लिहायला बसलो, कारण गेल्या गुरुवारी थापी पुन्हा वाजली.

दुपारची वेळ. अंजना आतल्या खोलीत झोपली होती, मी तिच्या पायाशी पेपर वाचत होतो. आवाज सोप्यातून आला. तीन ठोके, मग खरखर.

मी बाहेर गेलो.

पश्चिमेच्या भिंतीत एक खिळा ठोकलेला होता. भोवतीचा गिलावा ओला. खिळ्याच्या वर वीतभर अंतरावर भिंतीतून वायरीची दोन टोकं निघालेली.

आमच्याकडे घरोघरी असतं ते. गेलेल्या माणसाच्या फोटोसाठी खिळा, आणि वर लाल बल्बसाठी वायर.

पहिल्यांदा अंजनाचंच मनात आलं.

मग खिळा फार खाली आहे हे लक्षात आलं. असा फोटो आम्ही डोक्याच्या वर लावतो. मी टेप आणला. चार फूट दोन इंच.

आतून तिची रिकामी खुर्ची हळूच ढकलत आणली. भिंतीशी लावली, तिच्यात बसलो. उजवा हात मांडीवर ठेवून डावा वर केला.

बोटं खिळ्याला बरोबर टेकली.

मग उठून तांब्याभर पाणी आणि गूळ आणून ठेवला. माझ्या फोटोचा हार बदलायला तिला कुणाला हाक मारावी लागणार नाही.